रस्त्याखालचं भाडं

(ओंटारिओ, 2025)

मंगळवार, 6 मे

पुढच्या महिन्यात नगरपरिषदेपुढे येणाऱ्या विषयांची कागदपत्रं आज वाचली. त्यात अडीच पानांचं एक टिपण आहे. गॅस कंपनीबरोबरचा फ्रँचायझी करार संपत आलाय, तो आणखी 20 वर्षांसाठी करायचा. म्हणजे गावच्या रस्त्यांखाली नळ्या घालायच्या, ठेवायच्या, दुरुस्त करायच्या, वाढवायच्या, याची मुभा. अधिकाऱ्यांची शिफारस मंजुरीची. 'आर्थिक परिणाम' या मथळ्याखाली एकच शब्द: नाही.

तिथेच अडकले. सारा जन्म दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्यात गेला. एकाची जागा दुसरा वीस वर्षं वापरणार, तिच्या जोरावर धंदा करणार आणि मालकाच्या वहीत त्याची नोंदसुद्धा नाही, असा हिशेब मी कुणाला लिहून दिला नसता.

कारण लगेच सापडलं. ओंटारिओ सरकारचा 2006 सालचा नियम आहे, क्रमांक 584/06. वीज, गॅस आणि टेलिफोन कंपन्यांनी नगरपालिकेच्या रस्त्यात बसवलेल्या तारा, खांब, नळ्या यांच्यासाठी जागेच्या वापराचं शुल्क नगरपालिकेनं आकारायचं नाही. आकारू नये असं नव्हे, तसा अधिकारच नाही. कॅनडाच्या 1867 च्या घटनेनं नगरपालिका हा विषय प्रांतांकडे दिला. प्रांत देईल तेवढाच अधिकार गावाला.

पण हीच नळी रस्ता सोडून एखाद्या शेतातून न्यायची झाली, तर कंपनी शेतकऱ्याशी रीतसर करार करते आणि वहिवाटीच्या हक्काचे पैसे मोजते. एकट्याच्या जमिनीला मोल आहे. आपल्या सगळ्यांच्या मिळून असलेल्या जमिनीला मात्र नाही.

गुरुवार, 8 मे

आमच्या गल्लीत आज रंगांच्या खुणा करून गेले. खोदण्याआधी जमिनीखाली काय आहे ते दाखवून घ्यायचं, असा इथला कायदा आहे. पिवळा गॅसचा, निळा पाण्याचा, लाल विजेचा, नारिंगी फोन-इंटरनेटचा, हिरवा सांडपाण्याचा. एरवी मी या खुणा ओलांडून चालत गेले असते. आज भारतातून आलेल्या ताई-भावोजींना घेऊन मुद्दाम थांबले.

भावोजींची सगळी नोकरी तिकडे एका महापालिकेच्या पथ विभागात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण रस्ता दिसला की त्यांची नजर आधी खाली जाते. दोन वर्षांपूर्वी गॅसच्या नळीसाठी खणलेला एक चर आमच्या कोपऱ्यावर आहे. वरून काम देखणं आहे. कडा सरळ कापलेल्या, डांबराचा रंगही बाकीच्या रस्त्याशी मिळत आलेला. भावोजी गुडघ्यावर बसले, खिशातून किल्ली काढली आणि जुन्या-नव्या डांबराच्या सांध्यात सरकवली. अर्धी किल्ली आत गेली. मग तळहात आडवा ठेवून दाखवलं, की चराची बाजू बोटभर खाली बसलीय आणि गटाराकडचं पाणी तिथंच थांबतं.

"काम वाईट नाही गं," ते म्हणाले. "आमच्याकडे असं काम झालं असतं तर मी ठेकेदाराला चहा पाजला असता. पण एकदा कापलेला रस्ता पहिल्यासारखा होत नाही. भराव कितीही ठोका, तो बसतोच. तुमच्याकडे तर हिवाळाभर पाणी गोठणार आणि वसंतात वितळणार. हा सांधा उघडतच जाणार."

दुरुस्ती कोण करतं, असं त्यांनी विचारलं. खणल्यावर रस्ता पूर्ववत करायची जबाबदारी करारानं कंपनीवर आहे, ती कंपनी पार पाडते. पण दहा वर्षांनी याच सांध्यापायी सगळा रस्ता मुदतीआधी उखडून करावा लागला, तर तो खर्च गावाचा. म्हणजे मालमत्ता कराचा. म्हणजे गॅस वापरणाऱ्याचा आणि न वापरणाऱ्याचाही.

रविवार, 11 मे

जेवताना विषय परत निघाला. भावोजींना पटेचना, की एवढ्या श्रीमंत प्रांतात गाव आपल्या रस्त्याचे पैसे घेत नाही. "आमच्याकडे खोदाईची परवानगी मागायला आलात की आधी पैसे भरा. मीटरचा दर ठरलेला."

"पण ते रस्ता पूर्ववत करण्याचे ना, भावोजी? जागेचं भाडं वेगळं."

ते थांबले. मग म्हणाले, बरोबर आहे. तिकडेही दोन्हींची गल्लत होते. टेलिफोनच्या तारांसाठी केंद्रानं 2016 मध्ये नियम केले, त्यात महापालिकेनं प्रशासकीय खर्चापोटी किलोमीटरमागे 1,000 रुपयांच्या वर घ्यायचं नाही असं ठरलं. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च वेगळा. म्हणजे भाडं तिथंही जवळजवळ उरलं नाही. मोठ्या वायुवाहिन्या शेतातून जातात तेव्हा मात्र 1962 चा कायदा लागतो. जमीन शेतकऱ्याचीच राहते, वापराच्या हक्कापोटी बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम मिळते. "कमी आहे म्हणून शेतकरी भांडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण भांडायला काहीतरी आकडा तरी आहे."

ताई इतका वेळ भाजी वाढत होती. ती म्हणाली, "आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. त्याचं भाडं येतं, त्यातून लिफ्टची देखभाल निघते. उद्या सरकार म्हणालं, की फोन सगळ्यांनाच लागतो, भाडं घेऊ नका, तर लिफ्टचे पैसे सगळ्यांनी भरायचे. ज्याच्याकडे त्या कंपनीचा फोन नाही त्यानंसुद्धा."

परिषदेपुढे बोलायची वेळ आली तर मी हेच सांगेन. याहून सोपं मला सांगता येणार नाही.

बुधवार, 14 मे

कराराचा नमुना मिळवून वाचला. ओंटारिओ एनर्जी बोर्डानं 2000 साली घालून दिलेला हा नमुना प्रांतभर जवळजवळ जशाच्या तसा वापरला जातो. दोन गोष्टी वाचून मन खट्टू झालं.

पहिली नळ्या हलवण्याच्या खर्चाची. गावाला रस्ता रुंद करायचाय, पूल बांधायचाय आणि मध्ये गॅसची नळी येते. ती हलवण्याच्या खर्चाचे 65 टक्के कंपनी देणार आणि 35 टक्के गाव. जागा गावाची, काम गावाच्या गरजेचं, नळी फुकट ठेवलेली, आणि ती बाजूला घ्यायची म्हटलं की गावानं एक तृतीयांशाहून जास्त खर्च सोसायचा. म्हणजे 'आर्थिक परिणाम: नाही' हे टिपणातलं वाक्य नुसतं अपुरं नाही, ते चूक आहे.

दुसरी गोष्ट मतदारांच्या संमतीची. म्युनिसिपल फ्रँचायझीज ॲक्ट हा जुना कायदा सांगतो, की असा हक्क द्यायचा तर गावातल्या मतदारांची संमती हवी. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं, की रस्ता लोकांचा आहे, तो वर्षानुवर्षं कुणाला वापरायला द्यायचा तर लोकांना विचारायला हवं. आता काय होतं? करार मंजुरीसाठी बोर्डाकडे जातो, तेव्हा अर्जातच विनंती असते, की या कामी मतदारांच्या संमतीची गरज नाही असं जाहीर करावं. बोर्ड तसं जाहीर करतं. कलम जिवंत आहे आणि दर खेपेला ते बाजूला ठेवलं जातं. आमच्या टिपणातही ती विनंती आहेच, शेवटच्या परिच्छेदात.

एकदा तरी विचारा ना लोकांना. कदाचित लोक हो म्हणतील. पण विचारा तरी.

रविवार, 18 मे

सगळे मिळून टोरांटोला गेलो. बर्कले स्ट्रीटवरचं कॅनेडियन स्टेजचं नाट्यगृह ताईला दाखवायचं होतं आणि मला त्याची भिंत पाहायची होती. ही मूळची कन्झ्युमर्स गॅस कंपनीची इमारत. थोड्याच अंतरावर पार्लमेंट स्ट्रीटवर कंपनीची दुसरी इमारत आहे, तिथं आता पोलीस ठाणं आहे. लाल विटांच्या उंच भिंती, वर कमानींच्या खिडक्या. कोळशापासून गॅस तयार करून शुद्ध करण्याचा हा कारखाना होता, हे आज सांगूनही खरं वाटत नाही.

टोरांटोच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले 1841 मध्ये. आल्बर्ट फर्निस नावाच्या उद्योजकाच्या हाती गॅस आणि पाणी दोन्ही होतं. दर जास्त आणि माल निकृष्ट, अशी गावात ओरड होती. म्हणून 1848 मध्ये गॅस वापरणारे लोक एकत्र आले, त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि तिचं नावच ठेवलं कन्झ्युमर्स गॅस. कालांतरानं ती एन्ब्रिज झाली. 2019 च्या सुरुवातीला युनियन गॅसही तिच्यात विलीन झाली, आणि ओंटारिओतला बहुतेक गॅस आज या एकाच कंपनीच्या नळ्यांतून घराघरांत येतो.

पण मला जास्त मोलाची वाटते ती दुसरी नोंद. 1891 मध्ये टोरांटोनं ट्राम चालवण्याचा 30 वर्षांचा हक्क एका खासगी कंपनीला दिला. त्या करारात गावानं एकेरी रुळाच्या मैलामागे वर्षाला 800 डॉलर घेतले, शिवाय उत्पन्नाचा हिस्सा. पहिल्या 10 लाख डॉलरपर्यंत 8 टक्के, पुढे उत्पन्न वाढेल तसा टक्का चढत जाणारा. 1921 मध्ये मुदत संपली तेव्हा गावानं ट्राम स्वतःकडे घेतली. म्हणजे रस्त्याचं भाडं ही काही आजच्या पर्यावरणवाल्यांच्या डोक्यातून निघालेली टूम नाही. याच शहरानं, याच रस्त्यांवर, मैल मोजून ते वसूल केलं होतं.

भावोजी बराच वेळ त्या विटांची जोडणी बघत उभे होते. "चुन्यातलं काम आहे," एवढंच म्हणाले.

शुक्रवार, 23 मे

किचनरला एका स्नेह्यांकडे गेलो होतो. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांमुळे झालेली ओळख. गप्पांत त्यांच्या गॅसच्या बिलाचा विषय मी काढणारच होते, त्यांनीच ते आणून पुढ्यात ठेवलं. बिल नगरपालिकेचं! ओंटारिओत गॅसचं वितरण स्वतःच्या हाती असलेल्या नगरपालिका दोनच, किचनर आणि किंग्स्टन. तिथं नफ्यातला वाटा गावाच्या तिजोरीत जातो. लागून असलेल्या वॉटर्लूत मात्र गॅस खासगी कंपनीचा. दोन्ही शहरं इतकी एकमेकांत मिसळलेली, की हद्द कुठं ओलांडली ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. नळी तीच, माती तीच. एका गावाला रस्त्याखालून मिळकत आहे, दुसऱ्याला नाही.

विजेचंही असंच. नियम विजेच्या कंपन्यांनाही शुल्क माफ करतो, पण तिथं मी फार तक्रार करणार नाही, कारण ओंटारिओत विजेचं वितरण करणाऱ्या बऱ्याच कंपन्या नगरपालिकांच्याच मालकीच्या आहेत. टोरांटो हायड्रो टोरांटो शहराची आहे. एका खिशातून दुसऱ्या खिशात जातं. गॅसमध्ये दुसरा खिसा भागधारकांचा आहे.

बुधवार, 28 मे

आज शेजारच्या आजींशी बोलले. ऐंशीच्या घरातल्या, भाड्याच्या घरात एकट्या राहतात, घर गरम ठेवायला गॅसची भट्टी. गॅस कंपनीकडून रस्त्याचं भाडं घ्यावं, असं परिषदेपुढे मांडणार असल्याचं सांगितलं तर त्यांनी सरळ विचारलं, "म्हणजे माझं बिल वाढणार का?"

वाढेल. हे लपवण्यात अर्थ नाही. गॅसचे दर एनर्जी बोर्ड ठरवतं. कंपनीवर पडलेला रास्त खर्च दरात धरला जातो, शुल्क शेवटी ग्राहकाच्या बिलात येतं. मी कागदावर हिशेब मांडून त्यांना दाखवला. समजा, घरामागे महिन्याला एक डॉलर. गावात 12,000 जोडण्या धरल्या तर वर्षाला 1,44,000 डॉलर. आणि घरांचं सोडा, मोठे ग्राहक मोठा वाटा उचलतील. लेमिंग्टनकडची काचघरं हिवाळाभर गॅस जाळून टोमॅटो-काकड्या पिकवतात, तिथली नळी आणि आजींच्या भट्टीची नळी एका मापाची नाही. आज रस्त्याचा भार मालमत्ता करातून, म्हणजे घराच्या किमतीवरून वाटला जातो. घरमालक तो आजींच्या भाड्यात मिळवतोच, त्यांनी थर्मोस्टॅट कितीही खाली ठेवला तरी.

आजी म्हणाल्या, "एक डॉलर मी देईन. पण तो रस्त्यावरच खर्च होतोय हे मला दिसलं पाहिजे."

त्यांचं हे म्हणणं मी माझ्या निवेदनात घेतलं. शुल्क रास्त व्हायचं तर ते कशावर आकारायचं हे आधी ठरायला हवं. अल्बर्टाकडे पाहा. तेल आणि वायू ही ज्या प्रांताची मोठी कमाई, तिथल्या शहरांना गॅस कंपनीकडून फ्रँचायझी शुल्क घ्यायला मोकळीक आहे. वहन-आकाराच्या 35 टक्क्यांपर्यंत त्याची मर्यादा जाते. मला तो टक्का फार वाटतो. त्यात कॅलगरीनं शुल्क वीज-वायूच्या बाजारभावाशीही जोडलेलं होतं. भाव भडकले तसं शुल्कही फुगलं, रस्त्याची झीज मात्र तेवढीच राहिली. लोक चिडले, आणि 2024 मध्ये प्रांतानं कायदा करून ती पद्धत बंद पाडली. ब्रिटिश कोलंबियातली बरीच गावं गॅस कंपनीकडून गावातल्या विक्रीच्या 3 टक्के घेतात. तो टक्का लहान, पण तोही विक्रीवरच.

मला वाटतं ते असं. नळीच्या लांबीवर आणि जाडीवर ठरलेलं भाडं, त्यात रस्त्याचं आयुष्य घटण्याचा खर्च धरलेला. नळी हलवायचा पूर्ण खर्च कंपनीचा. बिलावर वेगळी ओळ. आणि पैसा रस्ते निधीत, इतर कशात नाही.

कंपनी म्हणेल, आम्ही नळ्यांवर मालमत्ता कर भरतोच. खरं आहे, ओंटारिओत नळ्यांचं करमूल्य लांबी-व्यासावरून ठरतं आणि कर भरला जातो. पण बाजारपेठेतला दुकानदार करही भरतो आणि गाळ्याचं भाडंही.

सोमवार, 2 जून

बैठक झाली. वक्त्याला पाच मिनिटं. मी टॉवर-लिफ्टचं उदाहरण दिलं, 35 टक्क्यांचं कलम वाचून दाखवलं, टोरांटोचा 1891 चा करार सांगितला. किल्ली सांध्यात गेलेला फोटो पडद्यावर लावला तेव्हा दोन सदस्य पुढे झुकून पाहू लागले.

एका सदस्यांनी स्पष्ट सांगितलं, की हा प्रांताचा विषय, आपण ठराव करून काय होणार? त्यांच्या शंकेला आधार आहे. 2023 च्या डिसेंबरात एनर्जी बोर्डानं निर्णय दिला होता, की नव्या घरांना गॅस जोडण्याचा खर्च जुन्या ग्राहकांवर 40 वर्षं पसरू नका, जोडणीच्या वेळीच घ्या. पुढच्याच वर्षी सरकारनं कायदा करून तो फिरवला. आपल्याच नियामकाचं ऐकलं नाही, ते आमच्या गावाचं कशाला ऐकतील?

मी म्हटलं, 584/06 हा विधानसभेचा कायदा नाही, सरकारनं केलेला नियम आहे. तो बदलायला सरकारच पुरेसं आहे. आणि गावानं मागितलंच नाही तर बदल करायचं कारण कुणाला पडलंय?

रस्ते विभागाच्या अभियंता बाईंना विचारलं गेलं, की गेल्या करारात नळ्या हलवण्यापोटी गावानं किती दिले. त्या म्हणाल्या, तो खर्च वेगवेगळ्या कामांच्या अंदाजपत्रकांत विखुरलेला आहे, एकत्र आकडा नाही. सभागृह क्षणभर गप्प झालं. माझ्या पाच मिनिटांपेक्षा त्या उत्तरानं जास्त काम केलं.

ठराव असा झाला: कराराचा निर्णय सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलावा, गॅसच्या नळ्यांमुळे गावावर पडणारा सगळा खर्च एका तक्त्यात मांडावा, मतदारांच्या संमतीबाबत वकिलांचं मत घ्यावं. प्रांताला पत्र पाठवायची सूचना एका मतानं पडली.

गुरुवार, 5 जून

अभियंता बाईंचा फोन आला. तक्त्यात काय काय धरावं याची माझी यादी त्यांनी मागितली. संध्याकाळी भावोजींबरोबर बसून ती केली: हलवलेल्या प्रत्येक नळीतला 35 टक्के हिस्सा, चरांवर देखरेख करणाऱ्या निरीक्षकांचे तास, मुदतीआधी नवे करावे लागलेले रस्ते, नळी आडवी आली म्हणून पाण्याच्या कामात वाढलेले आराखडे. भावोजींनी आणखी एक ओळ घालायला लावली, नकाशावर एकीकडे आणि जमिनीत दुसरीकडे निघालेल्या नळ्यांमुळे थांबलेली कामं. "हे कुठलीही पालिका लिहून ठेवत नाही," ते म्हणाले, "आणि सगळ्यात जास्त पैसा तिथंच जातो."

विरोधात मत दिलेल्या सदस्यांना शनिवारी सकाळी भेटायची वेळ मागितली होती, ती मिळाली. आजीही येते म्हणाल्यात.